मोंतेगुफोनीचा पहारा

फ्लॉरेन्सच्या पोर्ता रोमाना या दक्षिण वेशीतून बाहेर पडलं की थोड्याच वेळात गाल्लुत्सो लागतं. तिथल्या टेकडीवर चेर्तोझा हा किल्ल्यासारखा दिसणारा मठ आहे. तो बांधवून घेतला चौदाव्या शतकात निक्कोलो आच्चायोली या बड्या असामीने. त्याचं नाव लक्षात ठेवायचं, कारण आपल्याला जायचंय ते याच घराण्याच्या गढीवर. गाल्लुत्सोपासून व्होल्तेराचा जुना रस्ता फुटतो. किएझानुओवा, चेर्बाया अशी गावं ओलांडत, द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागांतून वळणं घेत तो मोंतेस्पेर्तोलीकडे जातो. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास, पण वळणांमुळे घाई करून उपयोग नाही. बसने यायचं तर वेळापत्रकाच्या मर्जीवर राहावं लागतं, म्हणून भाड्याची गाडी बरी. चेर्बाया मागे पडलं की सुरूच्या काळपट रांगांमागून एक चौकोनी मनोरा वर येतो. फ्लॉरेन्सच्या नगरभवनाचा, पालात्सो वेक्यिओचा, मनोरा पाहिलेला असेल तर याचं रूप लगेच ओळखीचं वाटतं. हा मोंतेगुफोनीचा किल्ला.

इटलीला जाणारा मराठी माणूस पिसाचा मनोरा, रोम, व्हेनिस करतो. फ्लॉरेन्सला एक दिवस देतो, त्यातले तीन तास उफ्फिझी संग्रहालयाच्या रांगेत जातात. मोंतेगुफोनी कुठल्याही टूरवाल्याच्या पत्रकात नसतो. तरीही तिथे जावं असं मी सांगेन. जुलै १९४४ च्या अखेरीस या किल्ल्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण उतरलेली होती, आणि तिच्या जवानांनी ज्या दारांवर पहारा दिला त्यांच्या आत जगातली सर्वांत मोलाची चित्रं भिंतींना टेकून उभी होती. बॉटिचेलीचं ‘प्रिमावेरा’ त्यांतलंच एक.

आधी किल्ल्याविषयी. मूळ गढी ओर्मानी घराण्याची, बाराव्या शतकातली. फ्लॉरेन्सने ती पाडली आणि पुढे ती आच्चायोलींकडे आली. हे लोक सावकार. त्यांची पेढी युरोपभर पसरली होती आणि चौदाव्या शतकाच्या मध्याला इतर फ्लॉरेन्टाइन पेढ्यांबरोबर बुडाली. पण घराणं बुडालं नाही. निक्कोलो नेपल्सच्या दरबारात सर्वोच्च अधिकारी झाला आणि त्याच्या भाऊबंदांतला नेरियो थेट ग्रीसमध्ये जाऊन अथेन्सचा ड्यूक झाला. किल्ल्यातल्या मुख्य चौकाला आजही ड्यूकांचा चौक म्हणतात तो त्यामुळे. सतराव्या शतकात पुढच्या एका आच्चायोलीने दर्शनी बाजू बरोक थाटाची करून घेतली. त्यामुळे आता हा किल्ला एका बाजूने दणकट गढी आणि दुसऱ्या बाजूने नटवी हवेली दिसतो. मला विचाराल तर गढीची बाजू जास्त खरी.

१९०९ साली हा पडका डोलारा विकत घेतला सर जॉर्ज सिटवेल या विक्षिप्त इंग्रज जमीनदाराने, तोही थोरल्या मुलाच्या, ऑस्बर्टच्या नावावर. मुलाला ही बातमी वडिलांच्या पत्रातून कळली. या सर जॉर्जने गांधीलमाश्या मारायला छोटं पिस्तूल तयार केलं होतं, एवढं सांगितलं की बाकी स्वभाव सांगायला नको. तेव्हा किल्ल्याच्या खोल्याखोल्यांत शेतकऱ्यांची बिऱ्हाडं होती. सर जॉर्जने वर्षानुवर्षं डागडुजी केली आणि उतारवयात तो इथेच राहायला आला. मुलांना एक दालन पिकासोकडून रंगवून घ्यायचं होतं, पण वडिलांनी पैशाला नकार दिला. अखेर १९२२ च्या सुमारास ते काम जीनो सेवेरिनीने केलं. विदूषकी सोंगांच्या इटालियन लोकनाट्यातली मुखवटेवाली पात्रं त्याने भिंतीभर रंगवली. ती अजून आहेत. चौकटीचौकटीचे कपडे घातलेली, वाद्यं हातात घेतलेली ती मंडळी एवढ्या जाड भिंतींच्या गढीत कुठून शिरली, असं वाटत राहतं.

युद्ध सुरू झालं आणि सिटवेल मंडळींच्या हातून किल्ला सुटला. सर जॉर्ज स्वित्झर्लंडला गेला आणि १९४३ मध्ये तिथेच वारला. किल्ला सांभाळायला उरला गुइदो मास्ती हा त्यांचा कारभारी.

इकडे फ्लॉरेन्समध्ये कलाखात्याच्या लोकांसमोर मोठा पेच होता. विमानांचे हल्ले होणार हे दिसत होतं आणि संग्रहालयं तर ऐन शहराच्या मध्यात. म्हणून उफ्फिझी आणि इतर संग्रहांतली चित्रं, चर्चमधल्या वेदीवरच्या तसबिरी, पुतळे हे सगळं बाहेर काढून आसपासच्या खेड्यांतल्या वाड्यांत, मठांत, गढ्यांत हलवायचं ठरलं. अशी ठिकाणं चाळीसच्या घरात होती. मोंतेगुफोनीची निवड झाली त्यात एक अगदी साधा हिशेब होता: इथली दारं मोठी. चित्रकार जोत्तोची सिंहासनावरची मरियम सव्वातीन मीटर उंच आहे, चिमाबुएची त्याहून उंच, आणि दूच्चोची तर साडेचार मीटर. ही कापडावरची चित्रं नाहीत, गुंडाळता येत नाहीत. लाकडी फळ्या जोडून, त्यावर खळ आणि चुन्यासारखा पांढरा लेप देऊन, वर अंड्याच्या बलकात कालवलेले रंग आणि सोन्याचा वर्ख. ओल लागली की फळी फुगते, उन्हाने आकसते, आणि लाकूड हललं की रंगाचे पोपडे सुटतात. अशा वस्तू बैलगाडीच्या रस्त्याने आणून सरळ आत घेता येतील अशी दारं किती घरांना असणार? मोंतेगुफोनीला होती. १९४२ च्या शेवटापासून गाड्या येऊ लागल्या आणि अडीचशेच्या आसपास चित्रं इथल्या दालनांत जमा झाली.

खेड्यांत सुरक्षित राहतील म्हणून ती आणली, आणि पुढे युद्धच खेड्यांत आलं. १९४४ च्या उन्हाळ्यात रोम पडल्यावर जर्मन सेना लढत लढत मागे हटू लागली आणि फ्लॉरेन्सच्या दक्षिणेच्या टेकड्या हीच आघाडी झाली. जवळच्याच मोंतान्याना गावच्या वाड्यातली चित्रं जर्मनांनी जुलैच्या सुरुवातीला ट्रकांत भरून उत्तरेला नेली. ती परत मिळाली ती युद्ध संपल्यावर, थेट ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ. मोंतेगुफोनीतही जर्मन सैनिक राहून गेले. गिर्लांदायोचं एक गोल चित्र त्यांनी टेबल म्हणून वापरलं. मरियमच्या मांडीवरचं बाळ, भोवती नमस्कार करणारे राजे, आणि त्यावर दारूचे डाग, सुऱ्यांचे ओरखडे. किल्ल्याच्या तळघरात आसपासच्या गावांतले शेकडो लोक तोफांपासून जीव वाचवायला येऊन राहिले होते. मास्ती जर्मन अधिकाऱ्यांपुढे हात जोडून, वाद घालून, ही चित्रं कुणा एका देशाची नाहीत असं सांगत दिवस काढत होता.

त्याच्या मदतीला एक माणूस आला, चालत. चेझारे फाझोला हा उफ्फिझीचा ग्रंथपाल. शस्त्र नाही, वाहन नाही, कागदपत्रांना किंमत नाही. जुलैमध्ये फ्लॉरेन्सहून निघून, लढणाऱ्या सैन्यांच्या मधून वाट काढत तो मोंतेगुफोनीला पोचला आणि तिथेच राहिला. दारं फोडलेली, चित्रं इकडेतिकडे सारलेली, खोल्यांत सैनिक. जर्मनांना तो सामोरा जाई, पुन्हा पुन्हा चित्रं नीट लावी. या सगळ्या हकिगतीत मला सर्वांत धाडसी वाटतो तो हा ग्रंथपाल.

आता आपली माणसं. आठवी हिंदी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतोला उतरली. सांग्रो नदी, कसिनोजवळची गारी नदी, मग उंब्रियाच्या टेकड्या असं करत ती फ्लॉरेन्सच्या दिशेने सरकत होती. तिच्या एकविसाव्या ब्रिगेडमध्ये होती १/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण. १७६८ साली मुंबईत उभी राहिलेली, ‘जंगी पलटण’ या नावाने ओळखली जाणारी. कोकण, सातारा, कोल्हापूर, नगर, बेळगाव या पट्ट्यातली पोरं. ती मोंतेगुफोनीत येऊन थांबली तेव्हा जर्मन फार लांब गेले नव्हते, तोफगोळे पडतच होते.

पलटणीच्या भेटीला दोन पाहुणे आले. एरिक लिंक्लेटर हा स्कॉटिश कादंबरीकार, सैन्याच्या वतीने मोहिमेचा इतिहास लिहिण्यासाठी फिरत होता. त्याच्याबरोबर बीबीसीचा वार्ताहर विनफर्ड वॉन-थॉमस. किल्ल्यात इकडेतिकडे हिंडताना त्यांना अंधाऱ्या दालनांत भिंतींशी उभी केलेली चित्रं दिसली. आधी वाटलं, नकला असतील. जमीनदारांच्या घरी असतातच. मग उच्चेल्लोची ‘सान रोमानोची लढाई’ ओळखू आली. मग जोत्तो. खिडक्या उघडल्या तसं एकेक चित्र उजेडात आलं. निर्वासित बायाबापड्या उत्साहाने दाखवू लागल्या, फाझोला धावत आला, आणि मोठ्या दालनात ‘प्रिमावेरा’ समोर आलं. लिंक्लेटरने पुढे लिहून ठेवलंय की नंतर एकटा असताना तो त्या चित्राजवळ गेला आणि त्यातल्या स्त्रियांच्या ओठांचं त्याने चुंबन घेतलं.

ही चुंबनाची गोष्ट इंग्रजी पुस्तकांतून पुन्हा पुन्हा येते. गोष्ट छानच आहे, पण मला ती वाचताना थोडी चीड येते. पाचशे वर्षांच्या चित्राला ओठ लावणारा लेखक नावानिशी इतिहासात गेला, आणि त्या चित्राला कुणी बोट लावू नये म्हणून दारात रायफल घेऊन उभा राहिलेला शिपाई ‘एक मराठा पहारेकरी’ एवढाच उरला. नंबर नाही, गाव नाही.

पहारा कशासाठी होता हेही नीट समजून घेतलं पाहिजे. आपल्याकडे सोयीची एक गोष्ट तयार करता येईल: मराठ्यांनी जर्मनांच्या तावडीतून बॉटिचेली सोडवला. तसं झालेलं नाही. जर्मनांपासून चित्रं वाचली ती मास्ती आणि फाझोला यांच्या चिवटपणामुळे आणि बरीचशी नशिबाने. पण जर्मन गेले म्हणजे धोका टळला असं नव्हतं. जिंकून आलेलं सैन्यही घराची धूळधाण करतं. १९४३ मध्ये नेपल्समध्ये दोस्त राष्ट्रांच्याच सैनिकांनी विद्यापीठात, संग्रहांत इतका उच्छाद मांडला की चौकशी बसवावी लागली, आणि त्या वर्षाच्या २९ डिसेंबरला सरसेनापती आयझेनहॉवरना सर्व कमांडरांना लेखी ताकीद द्यावी लागली: लष्करी गरज आणि लष्करी सोय यांची गल्लत करू नका, वास्तूंचा मान राखा. कागद निघाला, तरी तो पाळायचा कुणी? रात्री थंडी वाजते, चूल पेटवायची असते, वाळलेलं लाकूड समोर असतं. ‘प्रिमावेरा’ हे शेवटी दोन मीटर उंच आणि तीन मीटर लांब असं उत्तम वाळलेलं लाकूडच आहे. शिवाय आठवण म्हणून तुकडा खिशात घालणारे हौशी, सिगारेटची थोटकं, भांडी टेकायला सपाट जागा शोधणारे स्वयंपाकी आहेतच.

चित्रं कोणती आहेत हे कळताच पलटणीच्या कर्नलने दालनांवर पहारे बसवले. बस, एवढंच. यात शौर्यपदक मिळण्यासारखं काही नाही. पहारा हे फौजेतलं सर्वांत कंटाळवाणं काम: ठरलेला वेळ उभं राहायचं, बदली येईपर्यंत जागा सोडायची नाही, ज्याला हुकूम नाही त्याला आत सोडायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. ज्या घरात गोळे पडतायत, तळघरात माणसं कोंबलेली आहेत, त्या घरात चित्रांसाठी दोन रायफली बाजूला काढायच्या हा निर्णय लढणाऱ्या पलटणीला स्वस्तात पडत नाही. जवानांची झोप त्यातून जाते.

त्या दालनात उभं राहून एखाद्या साताऱ्याच्या शिपायाला काय दिसलं असेल, असा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. सोन्याच्या प्रभावळीतली मांडीवर मूल घेतलेली बाई त्याला परकी वाटली नसेल. देव्हाऱ्यात आणि देवळात प्रभावळ त्याने जन्मापासून पाहिलेली. पण उच्चेल्लोच्या लढाईसमोर तो नक्की थबकला असणार. १४३२ सालची ती फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यातली लढाई याच मुलखातली, आर्नो नदीच्या खोऱ्यात पश्चिमेला. चित्रात भाल्यांचं रान माजलंय, एक पांढरा घोडा उधळलाय, दुसरा आडवा कोसळलाय, आणि मागच्या शेतांत सशांच्या मागे कुत्री पळतायत. पुढे माणसं मरतायत आणि मागे कुणाची तरी शिकार नेहमीसारखी चाललीय. आघाडीवर महिने काढलेल्या माणसाला हे कळायला कलेच्या इतिहासाचं पुस्तक लागत नाही.

दोनचार दिवसांत फ्रेडरिक हार्ट येऊन पोचला. हा अमेरिकन लेफ्टनंट, स्वतः कलेचा अभ्यासक, युद्धक्षेत्रातल्या स्मारकांची जबाबदारी असलेल्या पथकातला. जीपमधून एकेक ठिकाण धुंडाळत तो फिरत होता. त्याने याद्या तपासल्या, नुकसान नोंदवलं, ठिकाणाला अधिकृत संरक्षण मिळवून दिलं. चित्रं लगेच शहरात नेणं शक्यच नव्हतं. ३ ऑगस्टच्या रात्री जर्मनांनी पोन्ते वेक्यिओ सोडून फ्लॉरेन्सचे सगळे पूल उडवले होते आणि रस्त्यांत सुरुंग पेरले होते. चित्रं घरी परतायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं.

आज मोंतेगुफोनीत गेलात तर हे सगळं डोळ्यांपुढे आणायला जरा कष्ट पडतात. ऑस्बर्ट सिटवेल १९६९ मध्ये इथेच वारला, तीन वर्षांनी किल्ला विकला गेला आणि नव्या मालकांनी त्यात पाहुण्यांसाठी घरं काढली. पोहण्याचा तलाव आहे, लग्नं लागतात, खाली तळघरात दारूची पिंपं. सेवेरिनीचं दालन बघायचं तर आधी फोन करून विचारावं, कारण हे संग्रहालय नव्हे, राहतं हॉटेल आहे. बागेच्या बाजूला शिंपले आणि रंगीत खड्यांनी मढवलेली कृत्रिम गुहा आहे. मुलं बरोबर असली तर ती तिथून हलत नाहीत. मुद्दाम बघायची वस्तू मात्र मी दारं सांगेन. दगडी चौकटीत हात पसरून उभं राहा, मग वर बघा. साडेचार मीटरची लाकडी तसबीर इथून आत गेली हे तेव्हाच पटतं.

मग फ्लॉरेन्सला परत येऊन उफ्फिझी बघण्याला वेगळीच गंमत आहे. चिमाबुए, दूच्चो आणि जोत्तो यांच्या तिन्ही मरियमा आता एकाच दालनात समोरासमोर आहेत. युद्धाआधी दूच्चोची इथे नव्हती, ती सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चची. उफ्फिझीत ती आली १९४८ मध्ये. म्हणजे या तिघी इथे कायमच्या एकत्र येण्याआधी मोंतेगुफोनीत एका छपराखाली राहून आल्या होत्या. ‘प्रिमावेरा’समोर कायम गर्दी असते. मोबाइल उंचावलेल्या हातांमधून वाट काढून जमेल तेवढं पुढे जा आणि पायांखालची हिरवळ बघा. शेकडो रोपं, प्रत्येकाची पानं निराळी. दालनात एका कोपऱ्यात खुर्चीवर रखवालदार बसलेला असतो आणि कुणी फार पुढे झुकलं की चटकन उठतो.

हातात आणखी अर्धा दिवस असेल तर आर्नोच्या काठाने काशिने बागेच्या पश्चिम टोकाला जा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, जेमतेम विशीत. दोन नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन करण्याची परवानगी शहराने दिली आणि १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँटचा, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. जवळच्या मोठ्या पुलाचं नावच ‘इंडियानो’ आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये आठवी हिंदी डिव्हिजन याच शहरात शिरली तेव्हा आर्नो ही दोन सैन्यांमधली सीमा होती.

जंगी पलटण तिथे थांबली नाही. फ्लॉरेन्सनंतर अपेनाइन डोंगरातला चिखलाचा, बर्फाचा हिवाळा तिने काढला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर याच पलटणीतल्या नामदेव जाधव या नगर जिल्ह्यातल्या निमजच्या शिपायाने दोन जखमी साथीदारांना नदीतून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर घेऊन बाहेर काढलं. मग परत फिरून आधी टॉमीगनने आणि हाताला जखम झाल्यावर हातबॉम्बनी मशीनगनची तीन ठाणी एकट्याने मोडली आणि बांधावर चढून पलटणीची युद्धगर्जना केली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांचे. त्यांतच रायगडकडच्या नाईक यशवंत घाडगे यांचाही. १० जुलै १९४४ ला, मराठे मोंतेगुफोनीत पोचण्याच्या काही दिवस आधी, ते वरच्या टायबरच्या खोऱ्यात पडले. २०२३ मध्ये तिकडे मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलंय.

बोलोन्याहून रिमिनीकडे जाणाऱ्या रेल्वेने फोर्लीला उतरता येतं. तिथल्या हिंदी सैनिकांच्या स्मशानभूमीला लागून दहन झालेल्यांचं वेगळं स्मारक आहे. साडेसातशेहून जास्त नावं दगडात कोरलेली आहेत, पलटणवार. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रकान्यात पवार, शिंदे, कदम, मोरे इंग्रजी अक्षरांत वाचावे लागतात.